मिस लोरेनला एक टेबल मिळालं नाही

मंडळी, आज डोकं फिरलंय, त्यामुळे गोड बोलणार नाहीये.

मिस लोरेन म्हणजे इथे अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमधल्या सत्तरीच्या ब्लॅक बाई. त्या आणि त्यांच्या चर्चमधल्या मैत्रिणी दारोदार फिरून मतदार नोंदणी करतात. मागे स्कूल बोर्डातले कन्झर्व्हेटिव्ह लोक दिवाळीची सुट्टी रद्द करायला निघाले, तेव्हा आपल्या बाजूने बोलायला याच बायका उभ्या राहिल्या. आपण व्हिसाच्या भीतीने घरी बसलो होतो.

आता त्याच गटाच्या लोकांनी मिस लोरेनच्या वस्तीतलं मतदान केंद्र बंद करायचा घाट घातलाय. त्याविरुद्ध सह्या गोळा करायला त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या आजच्या कार्यक्रमात फक्त एक टेबल मागितलं होतं.

अध्यक्षकाका मला म्हणाले, "मंडळात राजकारण नको. तू सांग त्यांना, तुझं इंग्लिश चांगलं आहे."

मी पार्किंगमध्ये जाऊन सांगितलं. वर बटाटेवड्यांची प्लेट हातात दिली.

त्या म्हणाल्या, "ठीक आहे, हनी. मागच्या महिन्यातला तुमच्या स्टेजचा फोटो मी फेसबुकवर पाहिलाय."

त्या फोटोत केंद्र बंद करायला निघालेल्या त्याच गटाचा उमेदवार आहे. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. काकांच्या मते ते राजकारण नव्हतं, तो सत्कार होता!

आणि त्याच्या शेजारी तबक धरून हसणारी बाई मी आहे.

तुमच्या मंडळाचे फोटो एकदा उघडून बघाल? तबक कोणाच्या हातात आहे?