फुकटच्या सॉफ्टवेअरपायी दत्तावर काठी उचलली

उशिरा लिहितोय, माफ करा मंडळी.

माझ्या धाकट्या भावाला बांधाच्या भांडणात शेजारच्या शेतवाल्यानं काठीनं मारून टाकलं. दोन वर्षं मी तेच लिहितोय. लॅपटॉपमधल्या लिहायच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली, म्हणून आज परंड्यात टायपिंगवाल्या दत्तानं दुसरं फुकटचं बसवून दिलं. फाइल उघडली तर एक अक्षर वाचता येईना. यानं सगळं लिखाण घालवलं असं वाटलं आणि मी काठी त्याच्या कपाळावर घातली.

रक्त पुसत तो म्हणाला, "आप्पा, लिखाण कुठं जात न्हाय. जुना फाँट टाकायचा राहिलाय. आधी बघा तरी, मग मारा."

फाँट टाकताच सगळं परत आलं. पहिल्याच पानावर भावाच्या डोक्यात काठी पडते.

हेच सॉफ्टवेअर ठेवू का दुसरं फुकटचं घेऊ, लवकर कळवा. दत्ताला विचारायला तोंड राहिलं नाही.