पातळ काळा थर

रविवारची दुपार. जेवणं उरकलीत, आई आतल्या खोलीत आडवी झाली आहे. मी बाहेरच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले आहे आणि पापण्या जड होतायत. स्क्रीन सगळी हिरवीगार झाली आहे. अक्षरांवर अक्षरं चढलीत, एकही धड वाचता येत नाही.

मी वेबसाइट बनवते, तो माझा रोजचा धंदा. हे मात्र घरचं काम. शाळेत असताना मी आणि माझा धाकटा भाऊ सौमित्र, आम्ही भाड्यानं सीडी आणून एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. गोष्ट काही कळली नाही. पण त्यात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं वरून खाली धारेसारखी येत होती. तेवढाच भाग आम्ही पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. "ताई, आपण हे मराठीत करायचं," तो म्हणाला. पुढे तोही याच क्षेत्रात आला, पुण्याला नोकरीला लागला, आणि ते करायचं राहूनच गेलं.

मागच्या वर्षी डेंग्यूचं निमित्त झालं आणि सौमित्र गेला. उद्या त्याचं वर्षश्राद्ध. त्याचे मित्र येणार आहेत, त्यांना दाखवायला मी ते करते आहे. खाली येणारी अक्षरं म्हणजे त्यानं आईला पाठवलेले मेसेज. मी ते तिच्या फोनवरून घेतले. ती स्वतः ते उघडत नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो. मी टेबलावर मान टेकवते.

"हँग झालाय का गं?"

सौमित्र शेजारच्या खुर्चीत बसलाय. हाताला सलाईनची पट्टी तशीच आहे. तो गेलाय हे मला ठाऊक आहे, त्यालाही असावं. मी चहा टाकू का विचारते तर तो नुसता हसतो.

"हँग नाही. चालू आहे."

"मग जुनी अक्षरं विझत का नाहीत? दर फ्रेमला वरून काळा रंग द्यायचा असतो ना? पातळसा, आरपार दिसेल असा. म्हणजे मागचं हळूहळू पुसट होतं आणि नवं दिसतं."

"कोडमध्ये ती ओळ होती. मी काढून टाकली."

"का?"

"तुझं अक्षर काळोखात जाताना बघवत नाही मला."

बाकाच्या लोखंडी पट्ट्या मांडीला गार लागतात. आम्ही कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर बसलो आहोत. माणसं पिशव्या घेऊन वर पाट्यांकडे बघतायत. प्रत्येक पाटीवर एका गावावर दुसरं गाव लिहिलंय, त्यावर तिसरं. जुनं कुणी पुसलेलंच नाही. एक म्हातारी सौमित्रपाशी येते.

"बाळा, मसूरची गाडी कुठली रं? मला वाचाया येतं, पण ह्यात काय बी लागंना."

"मलाही लागत नाही, आजी."

पाटीवरून एक वेलांटी सुटते आणि फरशीवर पडते. बाजूला टिंबांचं रिकामं वर्तुळ, मात्रेला अक्षर नसलं की स्क्रीनवर येतं तसं. सौमित्र वाकून ती उचलतो, फुंकर मारतो, माझ्या ओंजळीत ठेवतो. वजन काहीच नाही.

"हे नीट केलंस ना? मेसेज तोडताना अख्खं अक्षर धरून तोडायचं, नाहीतर काना-मात्रा अशा सांडतात."

"ते केलं. पहिल्याच दिवशी केलं."

"शहाणी आहेस."

बाक तेच आहे, पण समोर आता दवाखान्याचा व्हरांडा. त्याच्या खोलीचं दार उघडं आहे, आतला पलंग रिकामा, चादर नुकतीच ताणून घातल्यासारखी. मला घाई होते. हे विचारायला मला पुन्हा वेळ मिळणार नाही.

"सोमू, शेवटच्या सकाळी तू मास्कमधून काहीतरी म्हणालास. मी कान जवळ नेला, तरी कळलं नाही. काय होतं ते?"

तो खरोखर आठवायला लागतो. लहानपणी पाढा आठवताना जसा कपाळाला आठ्या घालायचा तसा.

"पाणी मागितलं असेन गं."

"पाणी?"

"तहान फार लागली होती."

"मला वर्षभर वाटतंय, तू काहीतरी सांगत होतास. आईबद्दल. माझ्याबद्दल."

"नाही गं, ताई. तहानच होती."

मी रडते. तो मला रडू देतो. व्हरांड्यातले दिवे विझत नाहीत, उलट एकावर एक लागत जातात, इतके, की त्याचा चेहराच मला नीट दिसेना.

"सोमू, तू दिसत नाहीस."

"तेच तर सांगतोय. आत्ता कुणालाच काही दिसत नाही." त्याचा हात माझ्या हातावर येतो. पट्टी खरखरीत आहे, बोटं गार. "थोडा काळा दे. एकदम नको. थोडाच."

"तू जाशील मग."

"ताई, मी गेलोय."

मी डोळे उघडते. गाल टेबलाला चिकटलाय, दोन्ही हात कीबोर्डवर आहेत. ऊन भिंतीवरून सरकून दाराशी आलंय. लॅपटॉपवर कोडच्या एडिटरमध्ये सकाळी मी जिथून ओळ काढली होती, तिथे ती आहे. पातळ काळ्या थराची ओळ, पूर्ण, शेवटच्या अर्धविरामासकट, सेव्ह केलेली. झोपेत मीच टाइप केली असेल. हात तर माझेच होते. पण मला ती ओळ लिहिल्याचं आठवत नाही, आणि ती मी पुन्हा काढत नाही.

लॅपटॉपवरच्याच शेजारच्या खिडकीत स्क्रीन काळी झाली आहे. तिच्यावर अक्षरं एकेक करून उतरतायत, उजळतायत, खाली जाता जाता मंद होतायत.

मागे आई उभी आहे. कधी उठली कळलं नाही. चष्मा नाकावर सारून ती एका रांगेवर बोट धरते आणि अक्षराबरोबर बोट खाली नेते.

"वां... गं... न... को," ती वाचते. थांबते. ती रांग विझून जाते, बाजूची सुरू होते.

"वांगं नको म्हणतोय," आई म्हणते, आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसते.