एकोणऐंशी

माझी अक्का, कृष्णवेणी, एकतीस वर्षं हेब्बाळहून बसने जाऊन ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत आकडे टाइप करते. नातेवाइकांना वाटतं ती दुर्बिणीतून बघते. बघायचं तर सोडाच, चष्म्याचा नंबर वाढला तेवढा.

थंड ताऱ्याच्या उजेडात हजारो काळ्या रेषा असतात. कुठला अणू कुठल्या रेषेवर किती उजेड गिळतो, ते प्रयोगशाळेत मोजलेलं असतं. ते आकडे संगणकाला दिले की तो ताऱ्याचं वातावरण मांडतो. आकडा चुकला की तारा चुकला. जुने तक्ते इतके फिकट, की मशीनला वाचता येत नाहीत. म्हणून निपाणीचा दयानंद वाचायचा आणि अक्का टाइप करायची, तेही मराठीत. अख्ख्या ऑफिसात मराठी बोलायला तिला तेवढंच एक माणूस होतं.

इथेच घोडं पेंड खातं. आम्ही कन्नड मुलखातले जुने मराठी, पण पाढे शिकलो कन्नडात. 'एकोणऐंशी' म्हटलं की आमचा कान 'ऐंशी'ला चिकटतो, आणि बोट सातऐवजी आठवर पडतं.

मार्चमध्ये ती निवृत्त होणार. फायली सोपवायच्या म्हणून तपासायला बसली, तर टायटॅनियमच्या एका रेषेला कागदावर एकोणऐंशी आणि फायलीत एकोणनव्वद. शोधल्यावर अशा अकरा रेषा निघाल्या, सगळ्या जेवणानंतर टाइप केलेल्या. त्याच रेषांवर भव्या नावाच्या मुलीचा चार वर्षांचा प्रबंध उभा होता: आपल्या ताऱ्यात टायटॅनियम नेहमीपेक्षा जास्त आहे म्हणून. सोमवारी तो द्यायचा होता.

मी म्हटलं, गप्प बस, कोण बघतंय? म्हटलं खरं, लपवत नाही. तिने सरळ निपाणीला फोन लावला. दयानंद निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली.

"अक्का, मीच चुकीचं वाचलं म्हणून सांगा. मला आता कोण काय करणार?"

"तू बरोबर वाचलंस. मी ऐंशी ऐकलं."

दुसऱ्या दिवशी तिने भव्याला तेच सांगितलं. भव्याने अकरा आकडे बदलून गणित पुन्हा चालवलं. दुपारपर्यंत तिचा तारा चारचौघांसारखा निघाला. मग तिने विचारलं, नऊवर संपणारे आणखी किती? अक्का म्हणाली, चारेक हजार.

भव्याने प्रबंधाची तारीख पुढे ढकलली, खुर्ची ओढली आणि ती स्वतः वाचायला बसली, कन्नडात. एकोणऐंशी म्हणजे एप्पत्तोंबत्तु. त्यात सत्तर आधी येतात, नऊ मागून. अक्काची बोटं आपोआप सातवर, मग नऊवर.

संध्याकाळी घरी आल्यावर चपला न काढताच ती सोफ्यावर बसली.

"कन्नडात एकही चुकला नाही रे," म्हणाली, आणि रडायला लागली.