बसा म्हणणारं माणूस

कन्नडची लाल गाडी फलाटावर रिकामी उभी असायची आणि बसस्थानकाच्या फाटकाबाहेर जीप खचाखच भरायची. आमच्या एसटीत बायांना अर्धं तिकीट, तरी बाया जीपमध्येच. खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायचं माझं काम. एका सकाळी माझं डोकंच फिरलं. तडक बाहेर गेले आणि जीपमध्ये अंग चोरून बसलेल्या एका म्हातारीला विचारलं, "मावशी, तिकडं अख्खी गाडी रिकामी हाय. इथं कशाला कोंबून घेता?"

"इथं 'बसा' म्हणतेत, बाई. तुमच्यात म्हणतंय का कुणी?"

मी परत आले. दुसऱ्या दिवशी माइक सहकाऱ्याला दिला आणि गाडीच्या दाराशी उभी राहून ओरडू लागले, "कन्नड, कन्नड! या, बसा!"

वाहक हसला. "मॅडम, आपण काय जीपवाले आहोत का?"

"नाही ना! म्हणूनच गाडी रिकामी जाते. आधी त्या बाईंचं गाठोडं घ्या."

तोंड वाकडं करत त्यानं घेतलं. मी रोज उभी राहिले.

आठवड्यानं तीच म्हातारी आली. पायरीवर पाऊल ठेवून थांबली, चढेना. मी मुद्दाम गप्प राहिले.

वाहक म्हणाला, "बसा, मावशी."

मग ती चढली.