सव्वातीन तासांचं लग्न

गावाचं गुलबानूकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते दिघीच्या जेटीवर. तशी ती अठ्ठावीस वर्षं त्याच जेटीवरून येत-जात होती, पण लक्ष जावं असं तिनं कधी काही केलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मात्र ती रेलिंगला पाठ टेकून उभी होती. उजवं कोपर बरगडीशी घट्ट दाबलेलं, मुठीत चहाच्या डब्याएवढी एक काळी वस्तू, आणि तोंड आगरदांड्याकडून येणाऱ्या फेरीबोटीकडे. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

जेटीवर दोर बांधायचं काम करणारा धर्मा जवळ आला.

"चाची, बंदराच्या कंपनीचा जमिनीचा सर्वे हाय का काय?"

गुलबानूनं नजर बोटीवरून हलवली नाही.

"न्हाय, असला तर आमची झाडं बी घ्या त्यात. मोजताना झाडं विसरतात ती माणसं."

गुलबानूचं मनातलं मोजणं संपलं. तिनं हात खाली केला आणि खांदा चोळला.

"तू मध्येच बोललास. आता तुझा आवाज आला त्यात."

"मग बरंच झालं की. आमाला कोण घेतो फोटोत?"

"बरं कसलं, बाबा. पुन्हा करायला लागंल."

आणि ती पुढच्या फेरीची वाट बघत तिथंच सिमेंटच्या कट्ट्यावर बसली. ऊन चढत होतं. घरी तांदूळ निवडायचे राहिले होते, नवऱ्याला, बदरुद्दीनला, नाश्त्यानंतरची गोळी द्यायची होती. तरी ती बसली.

हे सगळं होतं ते तिच्या मुलीच्या, यशराच्या लग्नासाठी. लग्न जानेवारीत व्हायचं होतं, आणि यशराचा मोठा भाऊ हुझैफा येऊ शकत नव्हता. तो कतारला, दोह्यात एसी दुरुस्तीच्या कामावर होता. सुट्टी मंजूर झाली होती, मग कंपनीचं नवं काम निघालं आणि सगळ्यांच्याच सुट्ट्या रद्द झाल्या. फोनवर तो फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "अम्मी, मला तुकड्या-तुकड्यांत नको. कॉलवर दोन मिनिटं चेहरा दिसतो आणि अडकतो. पुरं लग्न बघायचंय मला, बसून."

गुलबानूनं "बघशील" म्हटलं. म्हणून टाकलं खरं, पण कसं ते तिला ठाऊक नव्हतं.

अडचण मोबाईलची होती. वर्षभरापूर्वी मोहल्ल्यातल्या एका मेंदीला कुणीतरी मोबाईलवर मुलींचं नाचणं घेतलं होतं, आणि दोन दिवसांत ते एसटीच्या कंडक्टरपर्यंत पोचलं होतं. त्यातली एक मुलगी कॉलेजला जायची बंद झाली. तेव्हापासून बायकांनी आपसांत ठरवलं की बायकांच्या बाजूला मोबाईल नाही. दारातच ॲल्युमिनियमचा मोठा टोप ठेवलेला असतो. येईल तिनं आपला मोबाईल त्यात टाकायचा आणि जाताना उचलायचा. लग्नाचा व्हिडिओ काढणारा रितेश पुरुषांच्या मांडवात थांबतो. तो आत येत नाही, आणि त्याला कुणी बोलावत नाही.

हा नियम सगळ्यात कडक पाळायची ती बदरुद्दीनची थोरली बहीण. तिला सगळा मोहल्ला फुफीच म्हणतो. गुलबानू तिच्याकडे गेली आणि हुझैफाचं सांगितलं. फुफीनं बराच वेळ सुपारी कातरली.

"हुझैफा आपलंच पोर. आमच्या मांडीवर मोठा झाला," ती म्हणाली. "त्यानं बघावं. पण एकट्यानं. मोबाईलमध्ये घालायचं नाय. आणि जे काय असंल ते परत घरात आलं पायजे. कबूल?"

"कबूल."

"आणि काढणार कोण?"

"मी."

फुफीनं अडकित्ता खाली ठेवला. "तू? तुला टीव्हीचा रिमोट येत नाय गो."

रितेशचं दुकान बोर्ली पंचतनला. गुलबानू गेली तेव्हा तो एका नवरा-नवरीच्या मागे कंप्युटरवर सूर्यास्त लावत होता. तिचं म्हणणं ऐकून त्यानं कपाटाच्या तळातून तीन जुने हँडीकॅम काढले आणि फडक्यानं पुसून काउंटरवर मांडले.

"हल्ली हे कुणी घेत नाही, चाची. हा पहिला टेपवाला, त्याच्या टेपा मिळत नाहीत. सोडा. हा दुसरा बघा, एकदम मस्त. यात वायफाय आहे. काढलं की तिथल्या तिथं मोबाईलवर जातं."

गुलबानूनं त्या दुसऱ्याला हातही लावला नाही.

"आणि हा?"

"हा साधा. कार्ड टाकायचं, काढायचं. स्क्रीन अशी बाहेर उघडते. झूम चांगला आहे, भिंगाचा झूम, तोच बघायचा असतो. वर मोठे आकडे छापलेत त्यांच्यावर जाऊ नका, तिथं चित्र फाटतं."

"यात सिम लागतं?"

"नाही."

"नेटला जोडता येतं?"

"नाही ना, तेच तर वाईट आहे."

"मग हाच दे."

रितेश हसला, पण तिचा चेहरा बघून थांबला. तिनं तो हातात घेतला, पट्टा मनगटावर ओढला आणि समोर धरून उभी राहिली. रितेशला वाटलं ती काहीतरी विचारणार. ती नुसती उभी होती. एक भाकरी भाजून निघते तेवढा वेळ झाल्यावर हात खाली आला.

"जमंल," ती म्हणाली.

"काढून आणा, मी कापून जोडून देतो. गाणी टाकून."

"तुला कसं दाखवू, बाबा?"

बायकांचं चित्रण रितेशनंही बघायचं नव्हतं. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मग त्यानं खुर्ची तिच्यासाठी पुढे सरकवली.

"मग चाची, असं घ्यायचं की कापायला लागूच नये. कॅमेरा हलवू नका, माणसं हलू द्या. बटण दाबलं की मनात दहा मोजा, मग हवं तर जागा बदला. चालताना बंद. आणि भिंतीला चुना मारल्यासारखं इकडून तिकडं करू नका, बघणाऱ्याला घेरी येते."

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. लाल ठिपका दिसला म्हणजे बंद झालं असं तिनं धरलं. त्यामुळे कोंबड्या, विहीर, दुपारी झोपलेला बदरुद्दीन, यातलं काहीच उतरलं नाही. उतरलं ते मधलं सगळं. तिच्या चपला, अंगण, लुगड्याचा काठ, आणि तिचं स्वतःशी पुटपुटणं. बदरुद्दीननं ते छोट्या पडद्यावर पूर्ण बघितलं.

"बारा मिनिटं चालली तू," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं मी बाहेर होतो, तेव्हा रोज एवढं चालायचीस?"

"पाणी कोण आणत होतं?"

तो कुवेतला असताना घर, दोन मुलं, सासूचं आजारपण हे सगळं तिनं एकटीनं पार पाडलं होतं. आता तो साखरेचं दुखणं घेऊन परत आला होता, आणि त्याच्या जागी मुलगा गेला होता. मधे कुणी तिला "दमलीस का" असं विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगावं हेही तिला सुचलं नसतं.

पुढचे दोन महिने स्वयंपाक आटपला की ती कॅमेरा घेऊन बसायची. जेटी, मशिदीमागचं चिंचेचं झाड, बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्या. दहा मोजायचे, बंद. दहा मोजायचे, बंद. मोजताना श्वास रोखला की हात कमी हलतो, हे तिला तिचंच कळलं.

लग्नाचे दोन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. पहिल्या दुपारी आधी मेंदी, मग हळद; ओटीवर साठ बायका होत्या. ढोलकी सुरू झाली, आणि नवरीची आई कोपऱ्यातल्या स्टुलावर कोपर बरगडीशी दाबून उभी. दर थोड्या वेळानं कुणीतरी हाक मारी. शरबत कुणाला पोचलं नाही, पाटाखालची रांगोळी पुसली, मुरुडच्या पाहुण्या आल्या. ती बटण दाबायची, खाली उतरायची, काम करून परत चढायची. पाय सुजले. संध्याकाळी चप्पल निघेना.

"नवरीची आई हाईस का फोटोवाली?" फुफीनं सगळ्यांत ऐकू जाईल असं विचारलं.

"दोन्ही."

"मग हळद कोण लावणार? ते डबडं लावंल?"

बायका हसल्या. गुलबानूनं कॅमेरा पुढ्यातल्या बाईच्या हातात न देता स्टुलावरच ठेवला, ठिपका लाल आहे ना ते बघितलं, आणि जाऊन मुलीच्या गालाला हळद लावली. परत आली तेव्हा दहाच्या वर किती झाले ते मोजायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी तिनं कॅमेरा खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. नंतर बघितलं तर त्यात खिडकीचा गज, लिंबाच्या झाडाचा अर्धा भाग आणि नुसते आवाज. ते तिनं पुसलं नाही.

सगळं मिळून सव्वातीन तास भरले.

फेब्रुवारीत गावातला एकजण दोह्याला परत निघाला. आपल्याकडे परदेशी जाणाऱ्याच्या सामानात चार घरांच्या पुड्या असतातच. गुलबानूनं सुकटीची चटणी, तांदळाचे पापड आणि रुमालात बांधून कार्ड दिलं. "हे हुझैफाच्या हातात. दुसऱ्या कुणाच्या नाय."

मग ती वाट बघत राहिली. हुझैफाचा फोन यायचा. चटणी पोचली, पापड पोचले. कार्डाचं तो बोलायचा नाही. एक महिना गेला. शेवटी तिनंच विचारलं.

"बघितलंस?"

"नाय, अम्मी."

"का रे? चालत नाय का?"

"चालतं. रूममेटचा लॅपटॉप आणला होता. बिछान्यावर चादर घेऊन बसलो. यशराची मेंदी लागली आणि वरच्या बंकवरनं दोन मुंड्या खाली आल्या. बंद केला. आठ जण आहोत खोलीत. जिन्यात माणसं, गच्चीवर माणसं, बसमध्ये माणसं. एकट्यानं बघायचं असं तू फुफीला कबूल केलंस. एकटा असा मी कुठंच नसतो गो."

गुलबानू खाटेवर बसली. तिला मुलाचा राग आला नाही, फुफीचाही आला नाही. नुसतं वाटलं की खूप लांब चालून आलोय आणि दार बंद आहे. "मोबाईलमध्ये घालून रात्री पांघरुणात बघ" असं एकदा तिच्या तोंडाशी आलं होतं. एसटीच्या कंडक्टरचा मोबाईल आठवला आणि तिनं ते गिळलं.

"परत पाठव," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये कार्ड त्याच रुमालात परत आलं. गाठ सैल झाली होती, एवढंच. तिनं ते फुफीला दाखवून आणलं. फुफीनं ते तळहातावर घेतलं, नखाएवढं होतं ते, आणि बराच वेळ बघितलं.

"बघितलं पोरानं?"

"नाय. एकटं बसायला जागा नाय त्याला."

फुफीनं कार्ड परत रुमालात गुंडाळलं. गुलबानू निघाली तेव्हा ती दारापर्यंत आली, गुडघे दुखत असूनही.

"गुलबानू, तू बघून त्याला सांग ना. तोंडानं. तोंडाला काय टोपात टाकायचंय?"

तेव्हापासून दर शुक्रवारी दोह्यात जुम्म्याची नमाज झाली की हुझैफा इमारतीच्या मागच्या पायरीवर जाऊन फोन लावतो. इकडे गुलबानू कॅमेऱ्याची स्क्रीन उघडून बसते. कान त्याच्याकडे, डोळे पडद्याकडे.

"आता कोण आलं?"

"फुफी. हिरवी साडी. बसलीय."

"हसतेय?"

"कसली हसते. मोबाईल टोपात टाकायला लागला म्हणून तोंड वाकडं."

"तिचाच नियम ना?"

"तिचाच. थांब, आता यशरा वर बघतेय. मेंदी वाळलीय का विचारतेय कुणाला तरी. कपाळावर केस आलेत, हात भरलेत म्हणून सारता येत नाहीत."

"मग कोण सारतं?"

"थांब की, बघू दे."

कधी दहा मिनिटं होतात, कधी पंधरा. मग कुणीतरी त्याला बोलावतं, किंवा बदरुद्दीनची गोळीची वेळ होते. गुलबानू कुठंपर्यंत आलं ते कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवते. गेल्या शुक्रवारपर्यंत एक तास आठ मिनिटं झाली, आणि हळद अजून लागायची आहे.