परवानगीचा धडा

दौंड-पुणे डेमू लोकलमध्ये रोज माझ्यासमोर बसणारे गृहस्थ पूर्वी शिरूरला पत्रकार होते. आता पुण्यात नर्सिंगच्या मुलींना नीतिशास्त्र शिकवतात. शेंगदाणे खातानासुद्धा मला विचारतात, "आवाज चालेल ना?" मला वैताग यायचा.

एकदा केडगावला झेंडूचं पोतं घेऊन एक आप्पा चढले. त्यांनी गृहस्थांना ओळखलं.

"बिबट्यानं पंजा मारला तवा माझ्या दंडाची पट्टी सोडवून फोटू छापणारे तुम्हीच न्हवं?"

"मीच. चुकलंच माझं, आप्पा. तुम्हाला विचारलं नव्हतं. तोच फोटो दरवर्षी वर्गात दाखवतो. परवानगीचा धडा त्याच्यावरच शिकवतो."

"बरं करता," आप्पा पोतं सावरत म्हणाले. "आन् वर्गात दावायचं मला कवा इचारलंत?"

गृहस्थांनी हातातला शेंगदाणा पुडीत परत ठेवला.