मशीनताईचं इंजिन

शिलाई मशिनी दुरुस्त करता करता जिचे केस पिकले, तिला सगळी गल्ली मशीनताई म्हणायची. रुसलेलं मशीन तिच्या हाताखाली बोलायला लागे. तिचं मशीनपुढे चालायचं, पण धाकट्या भावापुढे नाही.

या भावाकडे एके काळी अल्ट्रालाइट म्हणतात तसलं विमान होतं, म्हणजे दोन पंख, एक इंजिन आणि मधे हा. एकदा इंजिन हवेतच बंद पडलं. कसाबसा एका शेतात उतरला, खरचटलंसुद्धा नाही. पण धसका असा घेतला की पुन्हा इंजिनाला हात लावला नाही आणि बोलणंही टाकलं. आता तो ते इंजिन भंगारात द्यायला निघाला होता.

"एकदा चालवून दाखवते, मग दे," ताई म्हणाली. इंजिनाशी तिला काय देणंघेणं! तिला पूर्वीचा बडबड्या भाऊ परत हवा होता.

मग काय, स्वयंपाकघराची रया गेली. बेअरिंग बर्फाच्या कप्प्यात, इंजिनाचं कवच ओव्हनमध्ये. गारठून आकसलेलं बेअरिंग तापलेल्या कवचात अलगद बसलं. अडकलेले पिस्टन सुटले, कडक झालेले रबरी सील बदलले. ठिणगी केव्हा पडावी, तेही तिने चाक फिरवून जुळवलं. भाऊ दारातून बघायचा आणि सटकायचा.

शेवटी अंगणात, चाकांच्या गाड्यावर, पुढे पंखा लावून इंजिन उभं राहिलं. गाडा पुढे पळू नये म्हणून मागून खांबाला बांधला होता. ताईने दोरी गुंडाळून खेचली. फट्, फट्, फटफटफट! ताई टाळ्या पिटते न पिटते तोच गाडा सुटला तो मागे, थेट वाळत घातलेल्या चादरींत.

"अगं बाई! हे कुठे निघालं?"

भाऊ धावला. बटण त्याच्या हाताने आपसूक बंद केलं.

"ताई, चाक कुठे फिरवलंस?"

"आपल्याकडे. दुसरीकडे फिरवलं तर दोरा गुंततो."

"दोरा?"

ठिणगीही तिने शिलाई मशीनच्या त्याच सवयीने जुळवलेली. इंजिन बिचारं सांगितलं तसं, उलटं फिरलं.

भाऊ चादरीवरच बसला आणि पोट धरून हसला. मग ठिणगी, पंखा, वारा, तो दिवस, ते शेत, सगळं सांगत सुटला. सांगता सांगता पाना घेऊन इंजिनाला भिडलाही.

ताईला आनंदाने रडू आलं. ते लपवायला ती खेकसली, "किती बडबडशील! हात चालव."